दिवस राहू नयेत म्हणून कॉपर-टी की अंतरा इंजेक्शन? बेळगावच्या खानापूरकडं सरकारी दवाखान्यात काय मिळतं?

खानापूरची सून: दुसरं बाळंतपण होऊन दोन महिने झाले, बाळ अंगावर पितंय. ऑपरेशन इतक्यात नको. आशाताई कन्नडमधून भराभर सांगून गेल्या, निम्मं कळलंच नाही. आणि हे फुकट असतं का?

निपाणीची ताई: फुकटच असतं गं. अंतरा दर 3 महिन्यांनी घ्यायचं, पाळी मागंपुढं होते, कधी बंदच होते, त्याला घाबरायचं नाही. नाहीतर छाया म्हणून दिवस न राहण्याची गोळी मिळते, तिच्यात हार्मोन नसतं, पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंगावर पाजत असलीस तरी दोन्ही चालतात, पण बीपी वगैरे आधी डॉक्टरांना सांग. माझी कॉपर-टी आहे, गर्भाशयात बसवतात ती, 380ए प्रकारची, 10 वर्षं चालते, सुरवातीला पोटात कळा येत होत्या, पाळीत रक्त जास्त जायचं, नंतर बसलं सगळं. कन्नड कळलं नाही तर परत विचार, लाजू नको, तुझं शरीर आहे.

चिकोडीचे काका: हे काही आजचं नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 ला मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, लोकांनी किती छळलं त्यांना! म्हैसूर संस्थानानं तर 1930 मध्येच सरकारी क्लिनिकं सुरू केली, आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला 1952 ला.

निपाणीची ताई: आणखी एक, मधेच दिवस गेले तर घरी काढे-गोळ्या अजिबात नकोत. 1971 च्या कायद्यानं मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही.