मदत हवी आहे: लेकीसाठी ज्यू समर कॅम्प

नमस्कार मंडळी, आम्ही बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), मूळचे अलिबागकडचे, सध्या न्यू जर्सीत. लेक ११ वर्षांची आहे, येत्या उन्हाळ्यात तिला निवासी ज्यू कॅम्पला पाठवायचंय. डोळ्यासमोर पेनसिल्व्हेनियातला रामाह पोकोनोज हा कॅम्प आहे. रामाहचे कॅम्प १९४७ पासून चालू आहेत. कोशर (ज्यू आहारनियमांप्रमाणे) जेवण, रोजची प्रार्थना, हिब्रू, शब्बाथ (शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस), सगळं आहे, म्हणून माझा ओढा तिकडेच.

काळजी वेगळीच आहे. तिथली बहुतेक मुलं अश्केनाझी (युरोपीय मूळच्या ज्यू) घरांतली. आमच्याकडे मलिदा (गोड पोह्यांचा आभारविधी), अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हनबी (प्रेषित एलिया), आजीची मराठी. "तू ज्यू कशी?" हा प्रश्न तिला रोज ऐकावा लागला तर? कॅम्पचे लोक अशा वेळी मुलीच्या पाठीशी उभे राहतात का? तुमच्यापैकी कुणाची मुलं गेली असतील तर कृपया मोकळेपणाने सांगा, कडू अनुभवसुद्धा.

शिवाय पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी 'वन हॅपी कॅम्पर'चं १००० डॉलरपर्यंत अनुदान असतं. ते घेऊन कॅम्पची स्वतःची शिष्यवृत्तीही मिळते का? आणि पहिल्याच वर्षी पूर्ण सत्र घ्यावं की छोटं? ती आईपासून दूर कधी राहिलेली नाही.