कामाच्या इंग्रजीला एकच ठरलेला अर्थ असावा का?

कलमदान (धागालेखक)

दोन खंडांत विभागलेल्या आमच्या चमूत गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. गुरुवारच्या बैठकीविषयी बोलताना एका ब्रिटिश सहकाऱ्याने सांगितले की त्याला सुरक्षेतील त्रुटीचा विषय 'टेबल' करायचा आहे. ब्रिटिश इंग्रजीत याचा अर्थ विषय चर्चेला घेणे असा होतो, तर अमेरिकी इंग्रजीत नेमका उलटा, म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणे असा. संभाषण ऐकून इतिवृत्त तयार करणाऱ्या साधनाने अमेरिकी अर्थ धरला, 'सुरक्षेचा विषय पुढे ढकलला' अशी नोंद केली आणि तो विषय गुरुवारच्या विषयपत्रिकेतून गळाला. दुरुस्ती अकरा दिवस लांबली.

हा शब्द काही पहिल्यांदाच नडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, म्हणून तो 'टेबल' करण्याची इच्छा त्यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना कळवली. अमेरिकनांची समजूत झाली की तो कागद खणात टाकून विसरून जायचा बेत आहे. बराच वेळ कडवट वाद झाल्यावर दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी असल्याचे उघड झाले, असे चर्चिल यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. तेव्हा निदान वाद तरी झाला. आमच्याकडे यंत्राने अर्थ ठरवून टाकला, नीटनेटक्या वाक्यात लिहिला आणि सगळ्यांनी तो मुकाट्याने वाचला.

म्हणून माझे मत असे आहे की देशागणिक अर्थ बदलणारे शब्द कामाच्या लेखनातून आणि बैठकांतून सरळ काढून टाकावेत आणि उरलेल्या शब्दांना एकेकच अर्थ ठरवून द्यावा. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी 1980च्या दशकात अशी बांधीव इंग्रजी तयार झाली. तिच्यात सुमारे 900 शब्दांना मान्यता आहे, आणि 'फॉलो' या क्रियापदाचा अर्थ 'मागून येणे' एवढाच ठेवला आहे. सूचना पाळायच्या असतील तर 'ओबे' असेच लिहावे लागते. विमानाच्या यंत्रज्ञाला जे जमते ते आपल्याला न जमण्याचे कारण मला दिसत नाही.

उंबरठा

असहमत. पुस्तिका ही कोणाचा मान राखत नाही, कोणाला दुखावत नाही आणि कोणापासून काही लपवत नाही. सहकारी मात्र या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात करतो.

तुमच्या यादीत 'टेबल' सहज बसेल. 'क्वाइट गुड' कसे बसवणार? अमेरिकी माणूस ते ऐकून खूश होतो आणि ब्रिटिश माणसाने त्यातून बहुधा 'ठीक आहे, चालेल' एवढेच सुचवलेले असते; तेही आवाजाच्या चढउतारावर अवलंबून. 1951 साली कोरियात इमजिन नदीकाठी ब्रिटिश ब्रिगेडचा वेढा आवळत असताना तिच्या प्रमुखाने अमेरिकी वरिष्ठाला परिस्थिती 'अ बिट स्टिकी' असल्याचे कळवले, असे सांगितले जाते. आपल्या लोकांत या शब्दांचा अर्थ 'आम्ही बुडतो आहोत' असा होता. ऐकणाऱ्याने 'थोडी अडचण आहे, पण निभावत आहेत' असा घेतला. यातला कोणता शब्द तुम्ही यादीतून काढणार होतात? 'बिट' की 'स्टिकी'? घोळ शब्दांत नव्हताच, संकट कमी करून सांगण्याच्या सवयीत होता, आणि ती सवय त्या वरिष्ठाला ठाऊक नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे. ही 'तटस्थ' इंग्रजी ठरवणार कोण? अनुभव असा की ती दरवेळी अमेरिकीच निघते, कारण बहुतेक साधने त्याच भाषेवर लावलेली येतात. ब्रिटिश पद्धतीने 'कलर'मध्ये 'यू' लिहिणाऱ्याच्या शब्दाखाली लाल रेघ उमटते. 'पोस्टपोन'च्या उलट अर्थाचा, इतका सरळ घडलेला 'प्रीपोन' हा भारतीय शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, तरी तो लिहिणाऱ्याला आपण चुकलो असेच वाटत राहते. तुमच्या यादीने त्या लाल रेघेला कंपनीच्या नियमाचे बळ मिळेल.

कलमदान

कोरियाचे उदाहरण उलट माझ्याच बाजूचे आहे. त्या अधिकाऱ्याला 'मदत हवी, माघारीची परवानगी हवी' असे ठरलेल्या शब्दांत सांगण्याचे बंधन असते, तर सवयीला वावच उरला नसता.

27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून 583 माणसे मृत्युमुखी पडली. त्याआधी डच सहवैमानिकाने 'वी आर नाउ ॲट टेकऑफ' असे म्हटले होते. विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याने त्याचा अर्थ 'आम्ही उड्डाणाच्या जागी थांबलो आहोत' असा घेतला, आणि विमान तर धावू लागले होते. डच वाक्यरचना इंग्रजीत उतरल्याने तसे झाले असावे, असा एक खुलासा नंतर पुढे आला. कारणे इतरही होती: धुके, एकमेकांवर चढलेले रेडिओ संदेश, घाई. पण सुधारणा झाली ती भाषेतही. आज 'टेकऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असा नियम आहे. वैमानिकांना त्यात आपल्या संस्कृतीचा अपमान वाटलेला नाही.

जोडाक्षर

विमानांचा दाखला निघालाच आहे, तर तो पुरता वापरावा. 25 जानेवारी 1990 रोजी आव्हियांका 52 हे कोलंबियाचे विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळले आणि 73 जण दगावले. त्या वैमानिकांसाठी ठरलेला शब्द उपलब्ध होता: 'इमर्जन्सी'. त्यांनी 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपत आल्याचेही सांगितले, पण तो शब्द उच्चारला नाही; आणि नियंत्रकाने त्या शब्दाअभावी त्यांना इतरांसारखेच वागवले. म्हणजे यादी होती आणि यादीमुळेच कान बंद झाले, असेही म्हणता येईल. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मार्च 2008 पासून वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी भाषेची किमान पातळी लागू केली, तेव्हा ठरावीक वाक्यांपलीकडची साधी, रोजची इंग्रजीही तपासली जाईल असे ठरवले. ठरलेल्या शब्दांवर सर्वाधिक विसंबणाऱ्या क्षेत्रानेच ते पुरत नाहीत हे मान्य केले आहे, याकडे धागालेखकांनी लक्ष द्यावे.

आता माझा स्वतःचा अनुभव. मी सॉफ्टवेअरमधल्या एका बदलाच्या तपासणीत दोन शंका लिहिल्या आणि शेवटी सवयीने 'प्लीज रिव्हर्ट' असे जोडले. माझ्या इंग्रजीत याचा अर्थ 'कृपया उत्तर द्यावे'. पलीकडच्या जर्मन सहकाऱ्याने उत्तर दिले नाही; त्याने आपला सगळा बदल मागे घेतला, कारण सॉफ्टवेअरमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीत 'रिव्हर्ट' ही आज्ञा आधीचा बदल उलटवण्यासाठीच आहे. खाली त्याने लिहिले होते, 'डन'. मला वाटले, उत्तर येते आहे. त्याला वाटले, मला त्याचे काम पसंत नाही. दोन दिवस आम्ही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होतो. शेवटी त्याने फोन केला आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. त्यानंतर मी तो शब्द सोडला, हे खरे. पण कोणी मनाई केली म्हणून सोडला नाही. ऐकणाऱ्याची ओळख झाली म्हणून सोडला.

मोजपट्टी

आकडे आणि तारखा यांच्याबाबत मी निःसंकोच धागालेखकांच्या बाजूचा आहे. 04/05 ही तारीख एका वाचकासाठी 4 मे आणि दुसऱ्यासाठी 5 एप्रिल असते, आणि तिच्यात कोणाचाही भावनिक ऐवज गुंतलेला नाही. वर्ष, महिना, दिवस असा क्रम सांगणारे आयएसओ 8601 हे मानक 1988 पासून उपलब्ध असताना त्यावर चर्चा कशाला? ब्रिटनमध्ये पूर्वी 'बिलियन' म्हणजे दशलक्ष दशलक्ष असत; 1974 साली तेथील सरकारने अमेरिकी अर्थ, म्हणजे हजार दशलक्ष, स्वीकारला आणि तो विषय संपला.

अवांतर: यंत्रापुढे माणसाने वाकण्याचा कळस पाहायचा असेल तर जनुकांची नावे पाहावीत. 'मार्च1', 'सेप्ट1' अशी नावे एक्सेल तारीख समजून बदलून टाकत असे, म्हणून 2020 साली मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. नव्या नावांना तारखेचे रूप येत नाही. प्रश्न सुटला, पण हे आठवले की मला थोडी लाज वाटते.

उंबरठा

तारखांबाबत माझा विरोध नाहीच. माझी काळजी पत्रांची आहे. हल्ली ईमेल पाठवण्याआधी तो एखाद्या साधनाकडून 'सुधारून' घेण्याची पद्धत पडली आहे. पूर्वी डच सहकाऱ्याचा ईमेल दोन ओळींचा, रोखठोक यायचा आणि जपानी सहकाऱ्याने 'हे जरा कठीण दिसते' असे लिहिले की तो नकार आहे, हे आम्ही शिकलो होतो. आता दोघांचेही ईमेल सारख्याच गुळगुळीत, उत्साही इंग्रजीत येतात. शब्दार्थाची चूक एकही नसते. कोण रागावले आहे, कोण नकार देतो आहे आणि कोणाला खरोखर आनंद झाला आहे, हे मात्र त्यांतून कळत नाही. धागालेखकांना हवी असलेली इंग्रजी ती हीच, आणि ती फुकट मिळू लागली आहे. त्यामुळे आमच्या चमूतील घोळ कमी झालेले मला तरी दिसत नाहीत.

कलमदान

हा मुद्दा मला टोचला, हे कबूल करतो. गुळगुळीत करणे आणि अर्थ पक्का करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी अजूनही म्हणेन; पण आमच्या प्रसंगात इतिवृत्त लिहिणाऱ्या साधनाने नेमके गुळगुळीतच केले होते. सहकाऱ्याचे मूळ वाक्य तसेच राहिले असते, तर 'टेबल' या शब्दावर कोणीतरी नक्की अडखळले असते.

आम्ही आता दोन बदल केले आहेत. तेरा शब्दांची यादी केली आहे. तिच्यात 'टेबल', 'रिव्हर्ट', 'क्वाइट' हे आहेत आणि 'प्रीपोन' नाही, याची 'उंबरठा' यांनी नोंद घ्यावी. शिवाय इतिवृत्तातील प्रत्येक निर्णयाखाली तो निर्णय बोलणाऱ्याच्या मूळ शब्दांत जसाच्या तसा छापला जातो.

जोडाक्षर

दुसरा बदल उत्तम आहे. पहिल्याबद्दल एकच विचारतो: ती तेरा शब्दांची यादी तयार करताना बैठकीला कोणकोणत्या देशांचे सहकारी होते?

कलमदान

आम्ही तिघे अमेरिकेतले आणि एक कॅनडाचा. गुरुवारी ती पुन्हा चर्चेला घेत आहोत. निमंत्रणात 'टेबल' हा शब्द टाळला आहे.