एकाच वेळी अनेक जखमी आल्यास : कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कसे द्यावे?

प्रश्न (परिचारिका, सोलापूर) :
आमचे रुग्णालय लहान आहे. आषाढी वारीत पंढरपूरच्या रस्त्यावर मोठा अपघात झाला किंवा एखाद्या चादर कारखान्यात आग लागली, तर अनेक जखमी एकदम दारात येतील. गेल्या वेळची रंगीत तालीम मात्र अग्निशामक नळकांडे हाताळून दाखवण्यावरच संपली. खरे प्रशिक्षण कोठून सुरू करावे?

उत्तर १ :
ताई, वर्गवारीपासून, म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे हे ठरवण्यापासून सुरू करा. ‘स्टार्ट’ या झटपट वर्गवारीच्या पद्धतीत चालू शकणाऱ्यांना आधी हिरवी चिठ्ठी देऊन बाजूला नेतात. उरलेल्यांपैकी ज्याचा श्वास मिनिटाला ३० हून अधिक आहे, मनगटाची नाडी लागत नाही किंवा ज्याला साधी सूचना पाळता येत नाही, त्याला लाल, म्हणजे उपचार तातडीने; यांपैकी काहीही नसल्यास पिवळी, म्हणजे थोडे थांबता येईल; आणि श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही, त्याला काळी, म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. ही शेवटची चिठ्ठी बांधताना नवख्यांचे हात थांबतात, म्हणून सराव तिचाच अधिक हवा. जो मोठ्याने ओरडतो तोच सर्वाधिक गंभीर, हा समज मोडणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उत्तर २ :
सहमत आहे, परंतु वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक यांनाही सोबत घ्या, कारण गर्दी दारातच अडवणे आणि स्ट्रेचरची वाट मोकळी ठेवणे त्यांच्याच हाती असते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला होता, त्यामुळे एक तालीम रात्रपाळीतही, पूर्वसूचना न देता घ्यावी.

उत्तर ३ :
पूर्वसूचना कर्मचाऱ्यांना नसावी. दाखल रुग्णांच्या नातेवाइकांना मात्र तालीम सुरू होताच अवश्य सांगावे.