अनुभव धागा: मूल वाचायला कसं लागलं? फोन, टीव्ही आणि वर्गातल्या गप्पा (सोलापूर)

परवा केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत चहा घेताना जे बोलणं झालं, ते विरून जाऊ नये म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते.

माझा वर्ग दुसरीचा, शहराच्या पूर्व भागात. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू. बाराखडी तोंडपाठ, पण वाक्य समोर आलं की गप्प. मी फोन टीव्हीला जोडला आणि बोलून टाइप करायची सोय सुरू केली. एकेकानं घरचं एक वाक्य बोलायचं, ते पडद्यावर उमटणार. एक मुलगी म्हणाली, "माझी आई विड्या वळते." पडद्यावर आलं, "माझी आई वेड्या वळते." सगळा वर्ग उठून उभा! "बाई, मात्रा आलीय, वेलांटी पाहिजे!" ती टीव्हीजवळ गेली, बोट ठेवून म्हणाली, "माझी आई वेडी न्हाई." आणि फळ्यावर 'विड्या' लिहिलं, तीन वेळा. तेव्हापासून फोन कुठं चुकला ते शोधणं हाच आमचा वाचनाचा तास. एक मात्र सांभाळायचं: चूक फोनची, तुमच्या बोलण्याची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं. नाहीतर तेलुगू हेल असलेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

अक्कलकोट तालुका, पहिली-दुसरी
आमच्याकडे घरी कन्नड. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड (फोननं टिपला की धडा उघडणारे चौकोन) जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हापासून पालकच विचारतात, "सर, तो चौकोन दाखवता का?" दाखवतो. पण गावात रेंज नाही, म्हणून तालुक्याला गेलो की 'दीक्षा' या शासनाच्या शिक्षणाच्या ॲपवरचे गोष्टींचे भाग उतरवून आणतो. गोष्ट अर्ध्यावर थांबवायची आणि विचारायचं, पुढं काय होईल? आधी "मराठीत सांगा" म्हणायचो, तर दोनच हात वर यायचे. आता कन्नड चालतं. पोरं जे सांगतात ते मी मराठीत फळ्यावर लिहितो, बाजूला त्यांचे शब्द: नीरु–पाणी, मने–घर. आपलंच बोलणं लिहिलंय म्हटल्यावर वाचायला रांग लागते.

एक शिक्षिका
आमचा टीव्ही दीड वर्ष बंद आहे, वीजबिल थकलंय. 'पुढं काय होईल' मी पुस्तक मिटून विचारते. तेवढंच रंगतं.

चौथीचा वर्गशिक्षक
टॅबवरच्या सरावात माझ्या पोरांना शंभरात नव्वद पडायचे. तोच उतारा फळ्यावर लिहिला की अडखळायची. जवळ बसून पाहिलं तेव्हा कळलं, त्यांना उत्तराची जागा पाठ झाली होती. आता चौघांत एक टॅब. दाबण्याआधी उताऱ्यातली ओळ दाखवून बाकी तिघांना पटवायचं. आठवड्यात दोनच उतारे होतात. त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, तरी पद्धत बदलली नाही, कारण आता पोरं उतारा खरोखर वाचतात.

तिसरीच्या बाई
वरच्या सरांचं पटलं. मी मुलांकडून गल्लीतल्या पाट्यांचे फोटो मागवले. 'चहा' आणि 'चादर' शेजारी आले. अक्षर एक, मग आवाज दोन का? वर्गाकडून दोन्ही शब्द बोलवून रेकॉर्ड केले, परत ऐकवले. जीभ कुठं लागते यावर अर्धा तास वाद. दुसऱ्या दिवशी एकजण घरून 'चिंच' घेऊन आला: "बाई, यात दोन्ही हायत!" मला स्वतःला हे कधी सुचलं नव्हतं.

स्वयंसेविका
मी शिक्षिका नाही. 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवते. गटात सात बायका, बहुतेक विड्या वळणाऱ्या. अननसाच्या 'अ'त त्यांचं मन लागेना. एक मावशी म्हणाल्या, "माझ्या फोनात लेकीचं नाव कुठं असतंय?" तिथून धरलं. सगळ्यांचे फोन मराठीत केले, नावं मराठीत भरली. कुणाचं नाव आधी भरायचं आणि का, हे प्रत्येकीनं सांगायचं. त्यातच तास जायचा. एकीनं वारलेल्या भावाचं नाव ठेवायला सांगितलं, नंबर नसताना. पहिलं तेच वाचायला शिकली.

महिन्यानं त्या मावशींचा मला फोन, कुणाला न विचारता लावलेला. म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव माझ्या लेकीच्या खाली हाय."