हौशी अनुवादकाला मुदत घालावी का? घातली तर कधीपासून मोजावी?

पाणकळा: सहा वर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतेय. नोकरी सांभाळून, रात्री मुलं झोपली की तासभर. गेल्या महिन्यात आमच्या गटात मंगळवारी रात्री २१० ओळी आल्या आणि सोबत निरोप, शुक्रवारपर्यंत द्या. त्यातली एक ओळ नुसती ‘ओपन’. बटण आहे की स्थिती? विचारलं, तर उत्तर गुरुवारी संध्याकाळी. तोवर मी अंदाजाने ‘उघडा’ लिहून पुढे गेले होते. आता कुलपाच्या चित्राशेजारी ‘उघडा’ दिसतं, माणूस दाबत बसतो आणि काहीच होत नाही. तिथे ‘उघडं आहे’ हवं होतं.

मुदत हवीच, पण मूळ मजकूर पक्का झाला आणि शंकांना उत्तरं मिळाली की मगच तिचे दिवस मोजायला घ्या. आणि मध्ये दोन रविवार तरी यायला हवेत.

रानवाट: तळमळ कळते, पण पटत नाही. फायरफॉक्सची नवी आवृत्ती २०२० पासून साधारण दर चार आठवड्यांनी येते. नव्वदहून जास्त भाषा, प्रत्येकीचे सणवार वेगळे. कुणाकुणाच्या रविवारासाठी थांबायचं? राहिलेली ओळ इंग्रजीत दिसते, पुढच्या खेपेला मराठीत येते. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

मुदत ढिली सोडली की काय होतं ते मात्र मी पाहिलंय. ‘सवडीने करतो’ म्हणून एकाने मदतीचं पान अंगावर घेतलं. आठ महिने ते त्याच्याच नावावर. त्याला विचारायला संकोच, दुसऱ्याला हात लावता येईना. वापरणारे तेवढे दिवस खोळंबले.

पाणकळा: रानवाट, पान अडवून ठेवणं चूकच, तिथे तुमच्या बाजूने आहे. पण वेळापत्रक दोन्ही बाजूंनी पाळायचं असतं. ग्नोमची, म्हणजे लिनक्सवरच्या डेस्कटॉपची, आवृत्ती मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, आणि त्याआधी काही आठवडे ‘स्ट्रिंग फ्रीझ’ लागतो, म्हणजे मूळ मजकूर गोठवतात. त्यानंतर प्रोग्रामरला एखादं वाक्य बदलायचं असेल तर अनुवाद समन्वयकांची परवानगी काढावी लागते. मला हवंय ते एवढंच. आमच्याकडे गुरुवारी रात्रीही ओळी बदलत होत्या.

सांजवेळ: मी बँकेत आहे. मार्च म्हणजे मार्चअखेर, आणि सप्टेंबरच्या तोंडावर बहुतेकदा गणपती. फ्रीझ असला तरी माझे ते आठवडे गेलेलेच. म्हणून मला एका तारखेपेक्षा क्रम सांगा. मेनू आणि बटणं आधी, महिन्यातून एकदा दिसणारे त्रुटीसंदेश नंतर. ग्नोममध्ये ८० टक्के झालं की भाषा समर्थित धरतात, म्हणजे उरलेल्याला थोडी उसंत असते.

रानवाट: टक्क्यांवर विसंबू नका. राहिलेल्या वीसमध्ये रोजचं बटण असलं तर माणूस वैतागून भाषाच इंग्रजी करतो, परत मराठीकडे वळत नाही. क्रमाचं मात्र पटलं. फ्रीझचंही पटलं, पण रविवार मोजून तारीख हलवायला माझा विरोध कायम आहे. त्याऐवजी दोन आठवडे हालचाल नसेल तर काम आपोआप मोकळं व्हावं, कुणाला विचारायला नको.

पाणकळा, त्या ‘उघडा’चं पुढे काय झालं?

पाणकळा: दुरुस्ती त्याच आठवड्यात सुचवली. तपासणाऱ्याने मंजूर केल्याशिवाय ती आत जात नाही, आणि तपासायला मुदत कुणीच घातलेली नाही. आज सतरावा दिवस.