वाळवंटी उंदरांच्या कवट्या: जर्बिल की जर्बोआ?

मरुकवटी: घुबडाच्या पेलेटमधून (न पचलेली हाडं-केस घुबड ज्या गोळ्यात ओकून टाकतं, त्यातून) काही कवट्या मिळाल्या आहेत, जागा मध्य आशियातल्या वाळवंटाच्या कडेची. सगळ्यांच्या वरच्या पटाशीच्या दातांवर उभी खाच आहे, म्हणून सगळे जर्बिल (बिळात राहणारे वाळवंटी उंदीर) धरले. पण सोबत लांबलचक मागचे पायही निघालेत, ते जर्बोआचे (मागच्या पायांवर उड्या मारणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचे) तर नसतील? खाच एवढ्यावर ओळख पक्की होते का?

दंतशास्त्री: नाही. खाच जर्बिलांत असते, तशी जॅकुलस आणि डिपस या जर्बोआंतही असते, अमेरिकेतल्या कांगारू रॅटमध्येही असते. उलट सॅमोमिस हा जर्बिल असून त्याचे दात गुळगुळीत. रॉम्बोमिस या जर्बिलाच्या वरच्या प्रत्येक पटाशीवर मात्र दोन खाचा असतात, तिथे हे लक्षण खरंच कामाचं.

आधी डोळ्याच्या खोबणीपुढचं छिद्र बघा. जर्बोआत ते भलंमोठं असतं, कारण चावण्याच्या स्नायूचा एक भाग त्यातून जातो. जर्बिलात ते बरंच लहान, उभ्या फटीसारखं. वर्गीकरणात हे दोघे लांबचे: जर्बिल म्युरिडी कुळात, म्हणजे घरातल्या उंदराच्या जवळचे, जर्बोआ डिपोडिडी कुळात. कांगारू रॅट तर हेटेरोमायिडी कुळातला, त्याच्या जबड्यात प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, चार-चार दाढा (उपदाढ धरून). जर्बिलाला सहसा तीन. तुमच्या भागात कांगारू रॅट असण्याचा प्रश्नच नाही, तो फक्त उत्तर अमेरिकेत.

पाय हाती असतील तर काम आणखी सोपं. जॅकुलस, डिपस, अलॅक्टागा या जर्बोआंच्या मागच्या तळपायाची मधली तीन हाडं जुळून एकच दांडा झालेला असतो. जॅकुलस आणि डिपसला तीन बोटं, अलॅक्टागाला पाच. जर्बिलाची ती हाडं सुटीच राहतात. मात्र हाडं विखुरली असतील तर कोणता पाय कोणत्या कवटीचा हे ठरवू नका, प्रत्येक पेलेट वेगळ्या पिशवीत ठेवा.

पेलेटवाला: साफसफाईबद्दल एक: ब्लीच वापरू नका, हाडं आणि दात खराब होतात. कोमट पाण्यात भिजवा, केस चिमट्याने काढा, गरज पडली तरच ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही थोडा वेळ. कानामागची फुगीर हाडं (बुल्ला) पहिल्यांदा निखळतात, आणि वाळवंटी उंदरांत तीच मोठी आणि ओळखीची असतात. उचलताना कवटी नाकाच्या बाजूने धरा.

मरुकवटी: छान. मग अधिवास? या कवट्यांवरून इथली जमीन कशी होती ते सांगता येईल का?

वाळूमाती: जपून. घुबड बऱ्याच अंतरावर शिकार करतं, त्यामुळे टेकडीवरचे आणि सपाटीवरचे उंदीर एकाच पेलेटमध्ये येतात. शिवाय घुबड रात्रीचं. थारमधला मेरिओनिस हुरिआने हा जर्बिल दिवसा वावरतो, म्हणून तो जमिनीवर कितीही असला तरी पेलेटमध्ये कमीच सापडणार. याउलट टटेरा इंडिका हा जर्बिल रात्रीचा.

‘वाळवंट’ हा एकच अधिवास मानणं ही नेहमीची चूक. गर्बिलस ग्लेडोवी या जर्बिलाला सैल वाळूच्या टेकड्या लागतात, पायाला केस असतात ते त्यासाठीच. टटेरा शेतातही चालतो. सॅमोमिस तर खारवट पानं खातो, म्हणून तो खाऱ्या झुडपांच्या पट्ट्यात. प्रयोगशाळेत त्याला नेहमीचं धान्याचं खाद्य दिलं की त्याला मधुमेह होतो, इतका तो त्या आहाराला बांधलेला आहे.

बाकी बिया खाणाऱ्यांना पाण्याची वेगळी सोय असते: १ ग्रॅम पिष्ट जळलं की सुमारे ०.६ ग्रॅम पाणी शरीरातच तयार होतं, आणि बिळातली दमट हवा ते वाचवते. म्हणून जमीन बघताना बीळ कोसळतं की टिकतं, हे आधी बघा. तुमच्या कवट्यांत रॉम्बोमिस निघाला तर बिळांच्या वसाहती जवळपास दिसायला हव्यात. त्या नसतील तर घुबडाने लांबून आणलेला असावा.