बियांतले जीवाणू कोंबड्यांना प्रोबायोटिक म्हणून चालतील का? सल्ला हवा

सिन्नरची_बाजरी
नमस्कार मंडळी. दीडशे गावरान कोंबड्या आहेत, खाद्य मका-बाजरीचा भरडा. पाऊस लागला की शीट पातळ होते, आठवड्याला एक-दोन दगावतात. दुकानदाराने प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या जीवाणूंची, पुडी दिली, वर लिहिलंय बॅसिलस सबटिलिस. आता कळलं की हे जीवाणू बियांतही असतात. मग विकत कशाला घ्यायचे? पेरणीतून उरलेली मक्याची अर्धी पिशवी पडून आहे. भिजवून, मोड काढून घातली तर? कुणी केलंय का?

माळरान
मोडाचं नाही, आंबवलेल्याचं सांगते. बादलीत भरडा, वर दोन बोटं पाणी, झाकण सैल. दुसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, तिसऱ्या दिवशी ताकासारखा वास. कुबट वास आला तर सरळ उकिरड्यावर. कोंबड्या तुटून पडतात. हगवण त्यानेच कमी झाली असं मात्र शपथेवर सांगणार नाही, कारण त्याच वर्षी खुराड्याचं गळणारं छप्परही बदललं.

गोठाडॉक्टर
दादा, बाकीचं नंतर. पिशवीतल्या दाण्यांचा रंग काय?

सिन्नरची_बाजरी
गुलाबी. धुऊनच घेणार होतो.

गोठाडॉक्टर
नका! तो रंग म्हणजे बुरशीनाशक चोळल्याची खूण. बहुतेकदा थायरमसारखं काहीतरी असतं. थायरमने पिल्लांच्या पायाची हाडं बिघडतात, लंगडायला लागतात. अंडी मऊ कवचाची पडतात. पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, खाण्यासाठी वापरू नये म्हणून. पुढच्या पेरणीला ठेवा.

आता जीवाणूंचं. ऐकलंत ते खरं आहे. दाण्याच्या सालीवर असतात, आतही असतात. काही तर आईझाडाकडूनच बीमध्ये उतरतात आणि रोपाच्या मुळांवर पसरतात. त्यातले बॅसिलस अडचणीच्या वेळी बीजाणू होऊन, म्हणजे टणक कवचात झोपी जाऊन, पडून राहतात. फर्डिनांड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ सालीच गवताच्या काढ्यात दाखवलं होतं की हे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. म्हणूनच पुडीत हे घालतात: खाद्याच्या गोळ्या बनवतानाची वाफ सोसतात, कोंबडीच्या पोटातलं आम्लही सोसतात. माळरानताईंच्या बादलीत काम करतात ते दुसरे, लॅक्टिक आम्लवाले. तेही भरड्यासोबतच आलेले. सामू (पीएच) साडेचारच्या खाली गेला, म्हणजे आंबटपणा वाढला, की साल्मोनेला या रोगकारक जीवाणूला तिथे वाढणं जड जातं.

पण बियांतला म्हणजे गुणाचाच, असं नाही. शिळ्या भाताने उलट्या करवणारा बॅसिलस सिरियस याच कुळातला, तोही धान्यावरच असतो. मोड काढताना ऊब आणि ओल मिळते, ती बुरशीलाही मिळते. पुडीतला वाण विष तर सोडत नाही ना, हे तपासून निवडलेला असतो. बादलीतल्यांची अशी चौकशी कुणी केलेली नसते.

खुराडा_नं_१
एवढी उठाठेव कशाला? आम्ही पावसाळाभर पाण्यातून कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायचो. काही झालं नाही.

गोठाडॉक्टर
२०१९ पासून खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला देशात बंदी आहे, भाऊ. माणसांच्या दवाखान्यात बाकी सगळी औषधं थकली की हे काढतात.

सिन्नरकर, पावसाळी हगवण म्हटली की मला आधी कॉक्सिडियाचा संशय येतो. तो जीवाणू नव्हे, परजीवी. ओल्या लिटरमध्ये, म्हणजे खुराड्यात खाली अंथरलेल्या भुशात, फोफावतो आणि पुडीने हटत नाही. शीटेत रक्त दिसतं का? ताजी शीट डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दिसतो.

सिन्नरची_बाजरी
नेली. कॉक्सिडियाच निघाला. औषध चालू केलंय, लिटर सगळं उपसलं. बादली पण लावली आहे, खाण्याच्या मक्याची. निम्म्याच कोंबड्यांना देतोय, बाकीच्यांना कोरडा भरडा, म्हणजे फरक कळेल.

माळरान
दोन्हीकडची अंडी वहीत लिहा हं. मी लिहिली नाहीत, आता पस्तावतेय.

बोकडवाला
हाच आंबवलेला भरडा बोकडांना घमेलंभर टाकला तर?

गोठाडॉक्टर
घमेलंभर? पोट फुगून आडवे होतील. शेळीच्या पोटाचं गणितच वेगळं, वेगळा धागा काढा.